स्वतःच्या शेतातलं मातीचं धरण: भिंत बघायच्या आधी खाली कोण राहतं ते बघा

ज्यांच्या शेतात घरच्या पैशानं बांधलेलं छोटं मातीचं धरण आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. म्हणजे नाल्याला आडवा भराव टाकून पाणी अडवलेलं, कोणी त्याला तलाव म्हणतं, कोणी बांध म्हणतं, आणि कागदावर बऱ्याचदा त्याचं नावच नसतं. आमचं चाळीसगाव तालुक्यात सातमाळ्याच्या पायथ्याशी आहे, आमच्या आबांनी १९९४ साली ट्रॅक्टर लावून आणि गावातल्या माणसांच्या जोरावर उभं केलं, भरलं की पाण्याची खोली ५ मीटर, पसारा ५ एकर, आणि त्याच्यावर आम्हा भावांची लिंबं आणि कपाशी चालते. आबा गेले, धरण आमच्याकडे आलं, पण त्याची जबाबदारी पण आपल्याकडे आली हे कळायला ३१ ऑगस्ट २०२१ ची पहाट लागली.

त्या पहाटे तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी चाळीसगावात घुसलं, कन्नड घाटात दरडी पडल्या, ते सगळ्यांना माहितीय. त्याच वेळी मी आणि धाकटा भाऊ टॉर्च घेऊन धरणाच्या माथ्यावर उभे होतो आणि पाणी माथ्यापासून एक वीत खाली होतं. सांडव्याच्या, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेच्या, तोंडाला वाहून आलेल्या पऱ्हाट्या आणि बोरीच्या फांद्या अडकलेल्या, आम्ही कमरेला दोर बांधून त्या ओढून काढत होतो. हे काम आयुष्यात करू नये असं आहे, तुम्ही करू नका. भाऊ म्हणत होता, काही व्हत नही दादा, इतकी वर्षं झाली. काही झालं नाही ते पाऊस थांबला म्हणून. आणि मी तिथे उभा असताना मला एकाच प्रश्नाचं उत्तर देता येत नव्हतं, की आत्ता हे फुटलं तर खाली नक्की कोणाच्या घरात पाणी जाईल.

म्हणून सुरुवात इथून करा. धरणाचा धोक्याचा वर्ग आणि धरणाची तब्येत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडे शिकलेली माणसं पण त्यांची गल्लत करतात. धरण एकदम मजबूत असेल, नवं असेल, एक थेंब गळत नसेल, तरी त्याच्या खाली घर असेल तर त्याचा धोक्याचा वर्ग वरचाच. आणि भिंत गळकी, झाडांनी भरलेली, पण खाली दहा किलोमीटर नुसतं माळरान असेल तर वर्ग खालचा. वर्ग म्हणजे फुटलं तर काय जाईल, तब्येत म्हणजे फुटायची शक्यता किती. अमेरिकेत तीन पायऱ्या लावतात आणि त्या आपल्याला पण सोयीच्या आहेत: फुटल्यावर माणूस मरायची शक्यता असेल तर वरचा वर्ग, माणूस नाही पण रस्ता, विहिरी, वीज, लोकांचं पीक असं मोठं नुकसान असेल तर मधला, आणि नुकसान जवळपास आपल्याच शेतापुरतं असेल तर खालचा. एक माणूस पुरतो वरच्या वर्गाला, दहा लागत नाहीत.

तिकडच्याच जॉर्जिया राज्यात टोकोआ गावाच्या वर केली बार्न्स नावाचं मातीचं धरण होतं, खाजगी मालकीचं, उंची १२ मीटरच्या आत. ६ नोव्हेंबर १९७७ च्या रात्री पावसात ते फुटलं आणि झोपेतली ३९ माणसं गेली. १२ मीटर म्हणजे आपल्या चांगल्या पाझर तलावाएवढंच. आणि आपल्या चिपळूण तालुक्यातलं तिवरे, २ जुलै २०१९ ची रात्र, भेंदवाडीतली वीसहून जास्त माणसं. गळतीची तक्रार तिथल्या लोकांनी आधीच केलेली होती. दोन्ही वेळा रात्र होती आणि दोन्ही वेळा माणसं भिंतीच्या खाली झोपलेली होती, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

आता प्रत्यक्ष काय करायचं. उन्हाळ्यात एक दिवस काढा आणि धरणाच्या पायथ्यापासून नाल्यानं खाली चालत सुटा, मोबाईलमधे लोकेशनसकट फोटो काढत. गूगल अर्थ आधी घरी बघून घ्या पण त्याच्यावर विसंबू नका, मी घरी बसून बघितलं तेव्हा मला खाली दोन मळे दिसले होते, चाललो तेव्हा सात ठिकाणं सापडली. एक सालदाराचं पत्र्याचं घर तर नाल्याच्या वळणाला असं बसलेलं की वरून निंबाच्या सावलीत झाकलं जातं, ओट्यावर मोजलं तर नाल्याच्या तळापासून जेमतेम ५ फूट वर. पुढे फरशी पूल, त्याच्यावरून शाळेची गाडी जाते. मग पाणीपुरवठ्याची विहीर, दोन डीपी, एक गाव तलाव. पावसाळ्यात तिथे कोण असतं ते विचारायचं, कारण उन्हाळ्यात दिसतं ते पावसाळ्यात नसतं आणि उलटं पण. वीटभट्टी पावसाळ्यात बंद, पण काठेवाड्यांचा गुरांचा वाडा कुठे पडतो ते गावातल्या गुराख्यालाच माहीत. घराचा ओटा नाल्याच्या तळापासून किती उंच ते गवंड्याच्या पाण्याच्या नळीनं मोजता येतं, दोन माणसं आणि एक पारदर्शक पाईप, बास.

किती लांब चालायचं? पाणी मोठ्या नदीत किंवा मोठ्या जलाशयात मिळून पसरेल तिथपर्यंत. आणि वाटेत दुसरं धरण लागलं तर तिथे थांबायचं नाही, उलट तिथून जास्त काळजी, कारण वरचं फुटलं तर खालचं पण जाऊ शकतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि त्याच दिवशी खडकवासला पण गेलं, पुण्याचा पूर तो. तसंच आपल्या वर कोणाचं धरण असेल तर तो भाऊबंद असो नाहीतर भांडणातला असो, त्याच्याशी बोलून ठेवायचं, कारण त्याचं फुटलं तर पाणी आपल्यावर येणार.

मग थोडं गणित. घाबरू नका, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. साठा काढायला पाण्याचा पसारा गुणिले भिंतीपाशी खोली गुणिले ०.४. आमचा पसारा ५ एकर म्हणजे २०,००० चौरस मीटर, खोली ५ मीटर, म्हणून ४०,००० घनमीटर, म्हणजे ४ कोटी लिटर. हे फुटलं तर भोकातून जास्तीत जास्त किती पाणी सुटेल त्याला फ्रोएलिखचं सूत्र आहे, ते फुटलेल्या धरणांच्या मोजमापावरून बसवलेलं आहे: साठ्याचा ०.२९५ घात, गुणिले खोलीचा १.२४ घात, गुणिले ०.६०७. आमचं उत्तर आलं साधारण सेकंदाला १०० घनमीटर, म्हणजे साडेतीन हजार क्युसेकच्या वर. हा आकडा दोन मिनिटं बघत बसलो होतो मी. गिरणा धरणातून पाणी सोडल्याच्या बातमीत आपण असे आकडे वाचतो, आणि हे आमच्या नाल्यातून, जो नाला पोरं उडी मारून ओलांडतात.

भिंतीच्या लगेच खाली या पाण्याची उंची धरणातल्या खोलीच्या साधारण निम्म्यापर्यंत धरून चाला, म्हणजे आमच्याकडे दोन-अडीच मीटर, मग जसजसं पसरेल तसतशी कमी. नाला अरुंद आणि खोल असेल तर कमी व्हायला वेळ लागतो, पसरट असेल तर लवकर होते. वेग सेकंदाला अडीच मीटर धरला तर सालदाराचं घर १८०० मीटरवर, म्हणजे १२ मिनिटं. गुडघ्याएवढं पण जोराचं पाणी मोठ्या माणसाला उभं राहू देत नाही, मग पोराचं काय. घराच्या ओट्यापर्यंत पाणी येऊ शकतं असं दिसलं की वर्ग वरचा, त्याच्यात घासाघीस करायची नाही. शंका असेल तर वरचाच धरायचा. हे सगळं ढोबळ आहे, पण इंजिनिअरला बोलवायचं की नाही आणि कशासाठी बोलवायचं एवढं त्याच्यावरून पक्कं ठरतं.

वर्ग कळला की त्याचा उपयोग पहिल्यांदा होतो सांडव्याला. मातीचं धरण डोक्यावरून पाणी गेलेलं सहन करत नाही, काँक्रीटचं एखादं करेल, मातीचं तासाभरात कापलं जाऊ शकतं. म्हणून सांडवा किती पाणी नेतो आणि वरून किती येऊ शकतं हे जुळलं पाहिजे. आमचं पाणलोट साधारण १ चौरस किलोमीटर म्हणजे अडीचशे एकर, डोंगरउतार. तासाला ७५ मिमी पाऊस धरला आणि त्यातलं ६० टक्के वाहून येतं धरलं तर ०.२७८ (हा नुसता एककं जुळवायचा आकडा) गुणिले ०.६ गुणिले ७५ गुणिले १, साडेबारा घनमीटर सेकंदाला. आणि हवामान खातं ढगफुटी म्हणतं ती तासाला १०० मिमीला, तेव्हा हाच आकडा १६ च्या वर जातो. आता सांडवा: रुंदी गुणिले १.७ गुणिले त्यातल्या पाण्याच्या उंचीचा दीड घात. आबांनी केलेला सांडवा ६ मीटर रुंद, त्यात सुरक्षितपणे ०.६ मीटर पाणी चालतं, उत्तर ४.७. येणार साडेबारा आणि जाणार पावणेपाच! सत्तावीस वर्षं आम्ही नशिबावर काढली. त्याच उंचीला साडेबारा न्यायला १६ मीटर रुंदी लागते आणि खाली घर आहे म्हणून आम्ही ढगफुटीचा आकडा धरला आणि २२ मीटर केला, भरावाच्या बाहेर, कडेच्या मुरमाच्या मूळ जमिनीत, तोंडाला दगडी पिचिंग, आणि पाणी पुढे वळून भिंतीच्या पायथ्याला न येता सरळ नाल्यात जाईल असं. सांडव्यात पूर्ण पाणी चालू असताना सुद्धा माथा त्याच्या वर निदान ३ फूट उरला पाहिजे, लाटा आणि खचणं धरून. आणि माथ्यावर बैलगाडीच्या चाकोरीनं कुठे खळगा पडला असेल तर तुमच्या धरणाची खरी उंची तो खळगा आहे, बाकीची भिंत कितीही उंच असो.

सांडव्याला मासे अडवायची जाळी लावू नका. अजून अर्धा मीटर पाणी साठावं म्हणून तोंडाला वाळूच्या गोण्या रचतात, ते तर कधीच करू नका. मी स्वतः हे दोन-तीन ठिकाणी बघितलंय, पाणी प्यारं आहे कबूल, आपल्याकडे एका पाण्याच्या पाळीसाठी माणूस काहीही करतो, पण ती गोणी खालच्या माणसाच्या उरावर ठेवलेली असते.

आता तब्येत. वर्षातून दोनदा नीट, आणि भर पावसात दर मोठ्या पावसानंतर. माथ्यावरून एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाकडे बघा, रेघ सरळ दिसली पाहिजे, झोल दिसला तर भराव बसतोय. भेगा बघा. आपली काळी माती उन्हाळ्यात फाटते, हात जाईल एवढी, आणि जून-जुलैच्या पहिल्या मोठ्या पुरात धरण झपाट्यानं भरलं तर पाणी त्या भेगेतून वाट काढतं. भिंतीच्या लांबीला समांतर भेग पण वाईटच, भिंत घसरायला लागल्याची ती खूण असू शकते, पण पाण्याकडून खालच्या बाजूला आरपार जाणारी आडवी भेग ही सगळ्यात वाईट. म्हणून हार्टिंग, म्हणजे भिंतीचा आतला गाभा, काळ्या मातीचं असलं तरी वर मुरमाचं केसिंग, म्हणजे बाहेरचं आवरण, पाहिजे, निदान माथ्यावर फूटभर मुरूम. भेग दिसली तर वरून माती लोटून झाकायची नाही, तळापर्यंत खणून ओल देऊन थराथरानं ठोकून भरायची.

मग खालच्या उतारावर नागमोडी चाला. तिथे बाभूळ, निंब, काटेरी झुडपं असतील तर मोठी व्हायच्या आधी काढा, मूळ मेलं की ते कुजून भिंतीत नळी तयार होते. मोठं झाड असेल तर नुसतं बुंध्याशी तोडून सोडू नका, धरण रिकामं असताना मुळासकट काढून खड्डा ठोकून भरा. घुशीची बिळं, सायाळीची, खेकड्यांची, वारुळं, सगळ्यांची जागा फोटोत नोंदवा आणि खणून भरा. तिवरेनंतर धरण खेकड्यांनी फोडलं का यावरून राज्यभर बोललं गेलं, पण बिळं असली तरी ती बघायची आणि बुजवायची जबाबदारी माणसाचीच असते. गवत मात्र पाहिजे, आखूड आणि दाट, कारण उंच गवतात गळती दिसत नाही.

गळतीबद्दल सावकाश सांगतो कारण सगळ्यात जास्त चूक इथे होते. मातीचं धरण थोडं झिरपणारच. प्रश्न तीन: पाणी गढूळ आहे का, वाढतंय का, आणि नवीन जागी आहे का. पायथ्याला जिथे पाणी येतं तिथे छोटी चारी काढून ते एका पाईपात घ्या, १० लिटरची बादली किती सेकंदात भरते ते मोबाईलवर मोजा आणि वहीत धरणाच्या पातळीसकट लिहा. पातळी तीच आणि बादली लवकर भरायला लागली तर आत काहीतरी चाललंय. त्याच पाण्याची एक काचेची बाटली भरून रात्रभर ठेवा, सकाळी तळाला मातीचा थर बसला असेल तर भिंत आतून वाहून चाललीय, त्या दिवशी इंजिनिअरला फोन, दुसऱ्या दिवशी नाही. धुळे-नंदुरबारकडच्या लोकांनी एक जास्त बघायचं, तिकडे जमिनीतून काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती जातात, डाईक म्हणतात त्याला, तो दगड बऱ्याच ठिकाणी तडकलेला असतो आणि भराव त्याच्यावर आडवा आला असेल तर पाणी त्या तड्यांतून पायाखालून निघतं.

आणि पाईप. ठिबकसाठी एकानं आमच्याच भिंतीत चर खणून पीव्हीसी टाकून दिला होता, वरून माती लोटली, ठोकली नाही, काम झालं म्हणून पैसे घेऊन गेला. दुसऱ्या पावसाळ्यात पाईपाच्या कडेनं करंगळीएवढी धार. भिंतीतून पाईप नेणं हे मातीच्या धरणाचं दुखणंच आहे, पाणी पाईपाच्या बाहेरच्या अंगानं वाट शोधतं. आम्ही तो चर उन्हाळ्यात पूर्ण खोदला, पाईप काढला, थर देऊन ठोकला, आणि आता माथ्यावरून सायफन नेतो. सायफन रोज भरायला कटकट आहे, पण भिंत फोडावी लागत नाही आणि गरज पडली तर धरण उतरवायला तोच कामी येतो.

भर पावसात गढूळ धार सुटली तर काय? आधी खालच्या लोकांना फोन, मग फावडं. धार खालच्या बाजूनं चिखलानं बुजवायची नाही, पाणी आत दाबून दुसरीकडून फुटतं. तिच्यावर आधी जाड वाळू, मग खडी, मग दगड असा थर द्यायचा, म्हणजे पाणी जाईल पण माती अडेल. पाण्यात भोवरा दिसला तर भिंतीवर कोणी थांबायचं नाही. सायफन आणि पंप लावून पातळी उतरवा, भिंत मधे फोडू नका, वेळ आलीच तर कडेच्या कठीण जमिनीत सांडवा खोल करा. आणि घाई नसेल तेव्हा दिवसाला फूटभरच उतरवा, नाहीतर आतल्या बाजूचा ओला उतार घसरतो.

कायद्याचं थोडक्यात. केंद्राचा धरण सुरक्षा कायदा डिसेंबर २०२१ पासून लागू आहे, तो १५ मीटरच्या वरच्या धरणांना आणि काही अटींत १० ते १५ मीटरच्या धरणांना, मालक खाजगी असला तरी. आपली त्याच्या खालची. सांडव्याच्या भारतीय मानकात सगळ्यात छोटा गट सुद्धा ५ लाख घनमीटर साठ्यापासून सुरू होतो, आमचं ४० हजार. म्हणजे आपल्यासारख्यांना विचारायला सहसा कोणी येत नाही. पण नाला तुमच्या गटातून गेला तरी तो सरकारचा असतो, आणि फुटून नुकसान झालं तर दावा मालकावरच येतो. इंग्लंडमधे एकाच्या खाजगी तलावाचं पाणी शेजारच्या खाणीत गेलं त्याचा निकाल १८६८ साली लागला, त्यात आपली चूक नसली तरी पाणी साठवणारा जबाबदार असं ठरलं आणि आपली कोर्टं पण तो निकाल विचारात घेतात. मृद व जलसंधारणच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन पाहणी मागा आणि पोच जपून ठेवा.

राहिली फोनची यादी. सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, तहसील, ११२, जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७, आणि त्यांच्याही आधी खालच्या प्रत्येक घरातले दोन नंबर. ही यादी मी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवी करतो, कारण आपल्याकडे सालदार आखाजीला बदलतात आणि मळ्यात राहणारं कुटुंबच बदलतं, म्हणजे धरण तेच राहून खालची माणसं नवी होतात. गेल्या आखाजीला वळणावरच्या घरात नवं जोडपं आलं, तीन लेकरं, सातपुड्याकडचे पावरा, साधा फोन आणि रात्री घरात रेंज नाही. म्हणून त्यांना बॅटरीवरचा भोंगा दिला आणि वरच्या मळ्यातल्या नानांना वाजवायला सांगितलंय, नानांचा फोन लागतो. मग लेकरांना घेऊन आम्ही घरापासून टेकाडावरच्या म्हसोबापर्यंत चालून बघितलं. दिवसा नऊ मिनिटं लागली, हातात १२. वाटेत लिंबाच्या बागेला आमचीच काटेरी तार होती, तिला वळसा घालावा लागत होता, ती त्याच संध्याकाळी तोडून तीन हात वाट मोकळी केली. आता पाच मिनिटं लागतात.